कामाचा डोळा

तोंडावर मी तिला ‘ताई’ म्हणते, अहो-जाहो करते. माघारी ती ‘थोरली’. माझी मोठी जाऊ. सव्वीस वर्षं आम्ही एका घरात, एका स्वयंपाकघरात काढली आणि एकमेकींचा जीव घेतला नाही. यात मोठेपणा कुणाचा ते मी सांगणार नाही. माझाच आहे.

माझे मोठे दीर लवकर गेले. तेव्हापासून घरात आम्ही तिघं: थोरली, मी आणि आमचे हे. खालच्या खोलीत माझं इस्त्रीचं दुकान. मोठं टेबल, त्यावर जुनी चादर चौपदरी घातलेली, दोन इस्त्र्या, पाण्याचा फवारा. डोळ्यांच्या हॉस्पिटलातले पांढरे कोट माझ्याकडेच येतात. ते काम थोरलीनंच मिळवून दिलं, आणि हे ती वर्षातून दोनदा तरी मला ऐकवते.

ती त्याच हॉस्पिटलात, तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत. कुणी विचारलं, तुमची जाऊ काय करते, तर मी सरळ सांगते, “डोळे कापते.” समोरच्याचं तोंड बघण्यासारखं होतं. पण खोटं नाही ते. लोक मरताना डोळे दान करतात. पुढचा काचेसारखा भाग दुसऱ्या कुणाला तरी बसवतात आणि मागचा उरलेला डोळा, घरच्यांची परवानगी असेल तर, अभ्यासाला ठेवतात. तो मेणात बसवायचा, मेणाचा ठोकळा यंत्रात लावायचा आणि चाक फिरवत त्याचे काप काढायचे. काप म्हणजे कांद्याच्या चकत्या नव्हेत. एका केसाचे उभे पंधरा पदर काढले, तर त्यातल्या एका पदराएवढा एक काप. एकदा तिनं मला दाखवायला नुसत्या मेणाचा एक घरी आणला होता. मी म्हटलं, कुठंय? म्हणून जवळ वाकले, तर माझ्या श्वासानंच तो गेला. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

हे काप कोमट पाण्यावर सोडतात. तिथं ते पसरतात आणि मग खालून काच घालून अलगद उचलायचे. पाण्यावर पसरताना कापाला चुणी पडली की तो गेला कामातून. चुणी हा शब्द आमच्या दोघींचा. तिच्या कामात चुणी नको, माझ्या कामात चुणी नको. घरात तेवढ्या एका विषयावर आमचं एकमत.

आणखी एक सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. प्रयोगशाळेत दोन डोळ्यांनी बघायचे नवे मायक्रोस्कोप आले, तरी थोरलीनं आपला जुना, एका नळीचा सोडला नाही. डावा डोळा मिटायचा, उजवा नळीला लावायचा. एकतीस वर्षांत ही सवय इतकी अंगात मुरली की घरीसुद्धा काही नीट बघायचं झालं, तांदळातला खडा असो नाहीतर माझी इस्त्री, की डावा डोळा आपोआप मिटायचा. उजव्याला ती ‘कामाचा डोळा’ म्हणायची आणि डाव्याला ‘घरचा’. “घरचा चुकला तर चालतं,” म्हणायची. “कामाचा चुकत नाही.”

तर तो चुकायला लागला, आणि आम्हाला कुणालाच कळलं नाही.

त्या वर्षी त्यांच्या मॅडमनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी, एक मोठा अभ्यास काढला होता. म्हातारपणी काही लोकांची नजर मधोमध जाते. कडेचं दिसतं, पण समोरच्याचा चेहरा दिसत नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली नको तिथे नव्या रक्तवाहिन्या उगवतात, त्या गळतात आणि नजर घालवतात. त्या का उगवतात, कशा उगवतात, हे मॅडमना मुळापासून बघायचं होतं. दान आलेल्या डोळ्यांना नावं नसतात, नंबर असतात. थोरलीच्या हातात आला तो एकशे अकरा नंबर. एक्याऐंशी वर्षांच्या बाईचा. त्या बाईनं दानाच्या कागदावर खाली रिकाम्या जागेत, वाकड्यातिकड्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘माझ्या डोळ्याला काय झालं होतं ते नीट बघा.’ स्वतःला न दिसणाऱ्या अक्षरांत लिहिलं होतं बिचारीनं. त्या कागदाबद्दल थोरलीनं मला तीनदा सांगितलं, आणि एकच गोष्ट तीनदा सांगणारी बाई नव्हे ती.

मग ती घरी गप्प यायला लागली. विचारलं तर म्हणे, चुण्या पडतायत. प्रत्येक कापाला, बरोबर मधोमध. तिनं पातं बदललं. पाणी दोन अंशांनी कमी केलं, मग वाढवलं. मेण दुसरं आणलं. ठोकळा बर्फावर ठेवून बघितला. काही उपयोग नाही. मी म्हटलं, “इकडे आणा हो ताई, मी इस्त्री मारून देते.” एरवी तिनं मला चार शब्द ऐकवले असते. त्या दिवशी नुसती बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात आमची जुंपली. आमच्या ह्यांचा एक शर्ट आहे, पांढऱ्यावर बारीक निळ्या रेघांचा. हे पोस्टात पत्रं निवडायला बसतात, तिथं यांना कोण बघतंय, पण त्या शर्टावर भारी जीव. मी तो टेबलावर पसरून नुकता संपवला होता. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी. थोरली कामावरून आली, टेबलाशी थांबली, डावा डोळा मिटला आणि म्हणाली, “इथे चुणी राहिलीय.”

मी बघितलं. कुठं काही नाही. तरी मान ठेवला, पुन्हा इस्त्री फिरवली.

“अजून आहे. रेघा बघ कशा वाकल्यात.”

तिसऱ्यांदा फिरवली. आता गिऱ्हाइकं वाकून बघायला लागली. ती पुन्हा म्हणाली, “आहेच गं.” झालं, माझं डोकं सटकलं. चारचौघांत माझ्या कामाला नावं? माझ्या? मी इस्त्री आपटली आणि म्हणाले, “डोळे फुटलेत का तुमचे?”

सव्वीस वर्षांत मी तिला पुष्कळ काही बोलले असेन. तीही काही कमी नाही. पण ती सरळ जिना चढून गेली, आणि मला वाटलं, जिंकले. काय माझी अक्कल!

सोमवारी मी इस्त्री केलेले कोट घेऊन हॉस्पिटलात गेले. कोट मी चौकड्यांच्या एका मोठ्या कापडात बांधून नेते, काळ्या बारीक रेघांचे चौकोन, सगळे सारखे. तळमजल्यावर पोचले तर थोरली मॅडमच्या टेबलासमोर उभी. समोर लाकडी डबा, काचा ठेवायचा. त्यावर तिच्या अक्षरात चिठ्ठी: ‘१११. चुणी.’

“मॅडम, मी तो डोळा वाया घालवला,” थोरली म्हणत होती. “दर पाचवा काप काचेवर घ्यायचा होता. पण प्रत्येकाला चुणी. एक खराब निघाला की पुढचा घ्यायचे, तोही तसाच. असं करत करत ठोकळा संपत आला. जे बघायचं होतं, त्या जागेचं काहीच उरलं नाही. मला या कामावरून काढा तुम्ही.”

ती रडत नव्हती. थोरली रडत नाही. पण मी दारात गाठोडं घेऊन उभी होते आणि मला तिच्याकडे बघवेना.

मॅडम शांत बाई. “मग या काचा टाकल्या का नाहीत?” त्यांनी विचारलं.

“टाकू कशा? कुणाचा तरी डोळा आहे तो. ओळीनं लावून ठेवल्यात.”

मॅडमनी पहिली काच घेतली, मायक्रोस्कोपखाली धरली. मग दुसरी. मग दहावी. मग अधली-मधली कुठलीही. बराच वेळ गेला. मी स्टुलावर बसले, गाठोडं मांडीवर. शेवटी त्यांनी मान वर केली.

“चुणी कुठंय?”

“सगळ्यांत आहे.”

“एकाही काचेत नाही. इतके सपाट काप मी कधी पाहिले नाहीत.”

थोरलीला वाटलं, मॅडम समजूत काढतायत. तिनं आपल्या जुन्या नळीखाली एक काच ठेवली, डावा डोळा मिटला, बघितलं. “ही काय, दिसतेय की मधोमध!”

मॅडमचं लक्ष तिच्या मिटलेल्या डोळ्याकडे गेलं. मी पाहिलं ते. त्या खोलीभर नजर फिरवत होत्या, काहीतरी शोधत होत्या, आणि माझ्या मांडीवरच्या गाठोड्यावर थांबल्या. “ते कापड सोडा,” मला म्हणाल्या. मी कोट बाजूला ठेवले. कापडाची दोन टोकं माझ्या हातात दिली, मला भिंतीशी उभं केलं, आणि थोरलीला चार हातांवर बसवलं. “डावा मिटा. मधल्या चौकोनाकडे बघा. काय दिसतं?”

“मधले चौकोन वाकडेत,” थोरली म्हणाली. “हिनं इस्त्री नीट केली नाही.”

त्यातसुद्धा टोमणा! मी तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, “आता उजवा मिटा.”

थोरलीनं उजवा मिटला. घरच्या डोळ्यानं बघितलं. मग पुन्हा कामाच्या. पुन्हा घरच्या. माझे हात दुखायला लागले, पण कापड खाली घ्यायचा धीर होईना. तिला मॅडमच्या आधी कळलं. तिनं सावकाश मान वळवून त्या लाकडी डब्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “मॅडम, मला तिचंच झालंय का हो?”

मला तेव्हा आठवलं, मी तिला काय म्हणाले होते ते.

त्याच दुपारी वरच्या मजल्यावर तिच्या डोळ्याचा फोटो काढला. हनुवटी टेकवून बसायचं, आत एक उजेड फिरतो, बस्स. पडद्यावर चित्र उमटलं, करड्या रंगाचे पदरावर पदर. थोरली पुढं झाली आणि पडद्याला नाक लागेल इतकी वाकली.

“काप आहे हा,” ती म्हणाली. “उभा काप. पण... कापलं कुठं?”

“कापायला लागत नाही,” तिथला माणूस म्हणाला. “उजेडानंच घेतो.”

“जिवंत डोळ्याचा?”

“तुमचाच आहे.”

तुम्हाला सांगते, तिच्या डोळ्याची वाट लागलेली होती, आणि तिच्या तोंडावर काय होतं? आनंद. एकतीस वर्षं मेलेल्या डोळ्यांचे काप काढले बाईनं, आणि आज स्वतःच्या जिवंत डोळ्याचा, न कापता! तिनं पडद्यावर बोट ठेवलं आणि डॉक्टर यायच्या आधी स्वतःच वाचायला लागली. “हा पडदा. इथं उचललाय बघ. खाली पाणी. आणि हा गोळा... हा तोच, नव्या रक्तवाहिन्यांचा.” मग बोट तिथंच राहिलं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, दर महिन्याला एक, आधी तीन, मग बघू. वाढ थांबेल, असं बहुतेक वेळा होतं. गेलेलं किती परत येईल ते सांगता येत नाही. उशीर केला तर मधली नजर कायमची जाईल. दुसऱ्या डोळ्यालाही पुढंमागं होऊ शकतं, लक्ष ठेवावं लागेल. थोरलीनं एकच विचारलं, “काप बघता येतील का?” डॉक्टर म्हणाले, “आत्ता काही सांगू शकत नाही.”

घरी येताना रस्त्यात मी थांबले. म्हटलं, “ताई, त्या दिवशी मी तुम्हाला जे बोलले...”

“काय बोललीस?”

“डोळे फुटले वगैरे.”

ती तशी चालत राहिली. “तू बोललीस म्हणून फुटत असते,” म्हणाली, “तर आपल्या गल्लीत एकालाही दिसलं नसतं.”

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम, भर रस्त्यात.

पहिल्या इंजेक्शनला मी बरोबर होते. हजारो डोळे हाताळलेली बाई, पण खुर्चीत बसल्यावर तिनं माझा हात असा आवळला की बांगडी रुतली. डोळा बधिर करतात, दुखत नाही म्हणे फारसं. मला विचाराल तर माझाच जीव गेला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “तुझा हात घामानं भिजलाय गं. इंजेक्शन कुणाला होतं?”

तीन आठवड्यांनी मॅडमचा निरोप आला, दोघी या. त्या सगळ्या काचा, पहिलीपासून त्रेसष्टावीपर्यंत, त्यांनी नव्या मायक्रोस्कोपशेजारी ओळीनं मांडल्या होत्या. दोन माणसांना एकाच वेळी बघता येईल असा तो मायक्रोस्कोप. एका बाजूला थोरलीला बसवलं, दुसऱ्या बाजूला मला.

“दर पाचवा काप घेतला असता,” मॅडम थोरलीला म्हणाल्या, “तर वाट मधेच तुटली असती. तुम्ही एकही सोडला नाहीत. रक्तवाहिनी कुठून निघाली आणि कुठं पोचली, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत एका ओळीत आहे. असं मला आजवर कधी मिळालं नव्हतं. तुम्हीच दाखवा आता.”

आणि मॅडम काचा बदलत राहिल्या आणि थोरली बोलत राहिली. डोळे नळ्यांना लावताना तिनं डावा मिटला नाही, हे माझ्या लक्षात आलं. दोन्ही उघडे ठेवले. घरच्या डोळ्याच्या भरवशावर बघत होती.

मला आधी काहीच कळेना. गुलाबी, जांभळं, मधे पांढऱ्या फटी. “वरची ओळ बघ,” थोरली म्हणाली. “उजेड झेलणाऱ्या पेशी. त्यांची टोकं रोज झिजतात. त्यांच्याखाली काळपट दाण्यांची एकच ओळ दिसते? त्या पेशी ती झिजलेली टोकं रोज खाऊन साफ करतात. जन्मल्यापासून मरेपर्यंत त्याच पेशी. बदली नाही.”

“रजा?”

“तीही नाही.”

“माझ्यासारख्या,” मी म्हटलं.

“तू मागच्या मंगळवारी दुकान बंद ठेवलं होतंस. गप्प बघ. त्यांच्याखाली पातळ पडदा आहे, आणि पडद्याखाली रक्तवाहिन्यांचं जाळं. खाणं आणि प्राणवायू खालून वर येतो, कचरा वरून खाली जातो. वय झालं की कचरा नीट जात नाही. इथं साठलाय बघ, ढिगारे. पडदाही जाड झालाय. मग या काळ्या पेशींना वरचं काम तेवढंच आणि खालून मिळणारं कमी. जीव घुसमटतो त्यांचा. मग त्या हाक मारतात.”

“पेशी हाक मारते?”

“एक प्रथिन सोडते. तो निरोप पडद्यापलीकडे रक्तवाहिनीला पोचतो. बाविसावी काच लावा मॅडम. ही बघ, रक्तवाहिनीच्या भिंतीतली एक पेशी पुढं झालीय. तिला बारीक बोटं फुटतात, ती काचेला दिलेल्या या रंगात दिसत नाहीत, पण मी दुसऱ्या यंत्रात पाहिलीत. त्या बोटांनी चाचपडत ती निरोप कुठून आला तिकडे निघते. आणि निघताना शेजारणींना सांगते, तुम्ही पुढं येऊ नका, माझ्यामागून या.”

“सांगते कसं? तिला काय तोंड आहे?”

“शेजारणीला चिकटून असते ना. त्या शिवण्यातच निरोप असतो. सगळ्याच पुढं धावल्या तर नळी होणार नाही. एकीनं वाट काढायची, बाकीच्यांनी मागं वाढत यायचं, दोनाच्या चार, चाराच्या आठ. मग आतून पोकळ होतं आणि रक्त येतं.”

मी नळीतून डोळे काढले नाहीत. काच बदलली की चित्र जरासंच बदलायचं आणि ती गुलाबी नळी केसभर वर सरकायची. एकोणतिसावी, तिसावी. एकतिसाव्या काचेत पडदा फुटलेला होता. त्याच्या कडेला टपोऱ्या पेशी जमल्या होत्या. त्या कचरा उचलायला आल्या होत्या, थोरली म्हणाली, आणि कचऱ्याबरोबर पडदाही कुरतडला. त्या फटीतून नळी वर गेली, आणि वर जाऊन पसरली. कुणाच्या हुकमाशिवाय, कुणी बघत नसताना, मिठाच्या दाण्याएवढ्या जागेत हे एवढं सगळं झालं होतं. आणि मी रोज सकाळी उठून म्हणते की सगळं घर माझ्यामुळे चालतं!

“मग बिघडलं कुठं?” मी विचारलं.

“घाई झाली. पक्क्या नळीला बाहेरून आवळून धरणाऱ्या पेशी असतात. या नळ्यांना त्या पुरेशा मिळाल्याच नाहीत. म्हणून त्या गळतात. गळलेलं पाणी वरच्या ओळी उचलतं. उजेड झेलणाऱ्या पेशी जागेवरून हलतात, आणि समोरची सरळ रेघ वाकडी दिसते.” तिनं नळ्यांवरून डोळे काढले. “म्हणजे चुणी होती गं. काचेवर नव्हती, माझ्यात होती.”

मला राग आला. मला राग येतोच, आणि या वेळी तो कुणावर काढायचा तेच समजेना. “यात दोष कुणाचा?” मी म्हटलं. “कोण आहे ती मेली पेशी, मला दाखवा.”

थोरली हसली. “कुणाचाच नाही. जी घुसमटली तिनं हाक मारली. जिला ऐकू आलं ती मदतीला आली. तुझा हात इकडे आण.” माझ्या मनगटावर इस्त्रीचा जुना डाग आहे, चांगलंच भाजलं होतं. तिनं त्यावर बोट ठेवलं. “हे भरून आलं ते याच निरोपानं. पोटातल्या बाळाला रक्तवाहिन्या फुटतात, त्याही याच निरोपानं. मला जे औषध देतात ना, ते एवढंच करतं. निरोप वाटेत पकडून ठेवतं.”

मी माझ्या मनगटाकडे बघत बसले. वीस वर्षं तो डाग मी बाहीखाली लपवत होते.

थोरली पुन्हा नळ्यांना डोळे लावून शेवटची काच बघत होती. मग हळूच म्हणाली, “बघितलं बाई, नीट बघितलं.” ती आमच्याशी बोलत नव्हती. एकशे अकरा नंबरच्या त्या म्हातारीशी बोलत होती. मॅडमनी चष्मा काढून पुसला. मी खिडकीकडे बघितलं, कारण कुणीतरी बघायला हवं होतं.

निघताना तिनं स्वतःच्या डोळ्यांचं दानपत्र भरलं. मलाही एक दिलं. मी म्हटलं, “माझे डोळे घेऊन काय करणार? रागानं लाल झालेत नुसते.” भरलं मात्र.

पण तिची नजर? ती कुठं परत आली होती! कापांचं काम मॅडमनी दुसरीला दिलं, थोरली शेजारी बसून शिकवायची. घरी रोज सकाळी मी ते चौकड्यांचं कापड भिंतीशी धरून उभी राहायची, आणि ती डावा डोळा मिटून सांगायची, “वाकडंच.” दुसऱ्या इंजेक्शननंतर म्हणाली, “थोडं कमी.” मला वाटलं, माझं मन राखायला म्हणते. कापडाची परीक्षा सोडली तर तिनं कामाचा डोळा कशालाच लावला नाही. तांदूळ मीच निवडायची. माझ्या टेबलाकडे ती बघायचीसुद्धा नाही, मान खाली घालून सरळ जिन्याकडे. आणि मी, जिला तिच्या टोकण्याचा इतका राग यायचा, रोज वाट बघायची की ही आज तरी थांबेल, काहीतरी खोट काढेल.

तिसऱ्या इंजेक्शनला दोन आठवडे झाले असतील. दुपारची वेळ. हे सुट्टीवर, आत पेपर वाचत बसलेले. मी तोच निळ्या रेघांचा शर्ट टेबलावर घेतला होता. थोरली बाहेरून आली, जिन्यापर्यंत गेली आणि वळली. टेबलाशी आली. थांबली.

डावा डोळा मिटला.

माझा इस्त्रीचा हात वरच राहिला.

“इथे चुणी आहे,” ती म्हणाली. खांद्याजवळ बोट दाखवलं.

म्हणजे काही सुधारलं नाही. तीन इंजेक्शनं, रोजचं कापड, सगळं फुकट. मी जीभ आवरली. म्हटलं, “असेल हो ताई. राहू दे.”

“राहू दे काय? तू कधीपासून राहू द्यायला लागलीस? बघ ना!”

तिच्या समाधानासाठी मी वाकले. काही दिसेना. खांद्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं, आणि बोटाला लागली. शिवणीला चिकटून, केसाएवढी, रेघेच्या आड लपलेली. मी उजेडाकडे शर्ट धरला. होती. खरीच होती. माझ्या हातून राहिलेली चुणी.

“अहो!” मी इतक्या जोरात ओरडले की हे पेपर टाकून बाहेर धावत आले. “काय झालं? भाजलं का?”

“चुणी आहे!” मी म्हटलं. “अहो, खरंच चुणी आहे!”

त्यांना काय कळणार? बायको शर्ट छातीशी धरून रडतेय, वहिनी टेबलाला धरून उभी आहे आणि तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि शर्ट तर त्यांचा. “अगं, मग इस्त्री फिरव की परत,” ते म्हणाले.

इंजेक्शनं अजून चालूच आहेत, महिन्याऐवजी आता दोन महिन्यांनी. वाचताना मधलं एखादं अक्षर अजून हलतं तिचं. पण त्या दिवशी मी इस्त्रीचं बटण बंद केलं, शर्टाची तशीच घडी घातली आणि ह्यांना दम भरला. दुसऱ्या दिवशी हे खांद्यावर ती चुणी घेऊन पोस्टात गेले.